चला, फसली, फसली, फसली!

ऑटोत माणसं काय काय विसरतात! छत्री, टिफिन, औषधाची पिशवी. एकदा एका बाईची दोन नवी सुपं राहिली होती. अशा वस्तू घर शोधून परत करता येतात. पण माणसं मागच्या सीटवर बसून जे बोलून जातात, ते कुठं नेऊन द्यायचं? ते गाडीतच राहतं. एकावर एक पडत जातं. वर्षातून दोनदा मी ऑटो धुऊन काढते, पण हे काही निघत नाही.

मी इंदू. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला राहते, ऑटो चालवते. शाळा चौथीपर्यंत. आमच्या स्टॉपवर वानखडे गुरुजी म्हणून रिटायर मास्तर आहेत, हे सगळं त्यांनी तपासून दिलं. तेव्हा कुठं चूक सापडली तर ती त्यांची समजा!

* * *

आमच्या वस्तीचं कागदावर एक नाव आहे, ते फक्त पोस्टमनला माहीत. बाकीचं अकोला आम्हाला 'फसली' म्हणतं.

त्याचं झालं असं. नदीवर आमच्याकडे एक रपटा आहे. रपटा म्हणजे बुटका पूल, पावसात पाणी ज्याच्या डोक्यावरून जातं तो. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा तिथून सिटी बस जायची. एका पावसाळ्यात पाणी उतरलं आणि गाळ राहिला. ड्रायव्हर नवा होता. त्याने बस घातली, आणि मागची चाकं गाळात गेली ती गेलीच.

स्टेशनवर लोक ताटकळले. तिथं आमच्या वस्तीतला शकीलभाई ऑटो घेऊन उभा. लोकांनी विचारलं, "काहो, बस कुठी हाये?"

"फसली!"

दुसऱ्या दिवशी तेच. "बस?" "फसली!" तिसऱ्या दिवशी लोकांनी बसचं विचारणं सोडलं. ते शकीलभाईच्या ऑटोत बसून सरळ सांगायला लागले, "मले फसलीपाशी सोडा."

ड्रायव्हर-कंडक्टर बस सोडून जाऊ शकत नव्हते. मग वस्तीनेच त्यांना सांभाळलं. सकाळी एकाकडे चहा, दुपारी दुसऱ्याकडे जेवण. मी भाकरी आणि अंबाडीची भाजी दिली तर कंडक्टर रोज आमच्या दाराकडे बघायला लागला. चौथ्या दिवशी क्रेन आली. सगळी वस्ती टाळ्या वाजवत होती. ड्रायव्हर तेवढा तोंड पाडून उभा.

मी म्हटलं, "काहून हो भाऊ, निघाली ना गाडी!"

तो म्हणाला, "निघाली. पण एवढी काय घाई होती?"

त्यानंतर बस काही आमच्याकडे आली नाही. नाव मात्र उतरून राहिलं.

* * *

स्टॉपवर एक टेलर होते. आम्ही त्यांना टेलरकाकाच म्हणायचो. त्यांची बायको कांताकाकू, आणि एकच मुलगा, विलास. हात चांगला होता पोराचा, पण लक्ष उडालेलं. एकदा त्याने एका नवरदेवाच्या कोटाचं कापड चार बोटं आखूड कापलं. लग्न चार दिवसांवर!

टेलरकाका स्वभावाने वाईट नव्हते. पण त्या दिवशी नवरदेव, त्याचा बाप, चार गिऱ्हाईकं, सगळा स्टॉप ऐकतो आहे आणि काका ओरडले, "तुह्या हाताले कैची नाही शोभत, खुरपं शोभते! उतर माह्या दुकानाखाली!"

विलासने कैची मशीनवर ठेवली. गळ्यातली टेप काढून तिची नीट घडी केली, तीही ठेवली. आणि समोर उभ्या ऑटोत जाऊन बसला. ऑटो आमचा होता. तेव्हा माझा नवरा चालवायचा. विलास म्हणाला, "स्टेशन." नवऱ्याने नेऊन सोडला. त्याला वाटलं, पोरगं रागात आहे, चहा पिऊन येईल.

कांताकाकू तेव्हा नदीवर होती. ती धावत आली तोवर नवरा विलासला सोडून परतही आला होता. तिने माझ्या नवऱ्याला एवढंच विचारलं, "काही बोलला का रे?"

नवरा म्हणाला, "म्हणाला, येतो."

आता हे विलास खरंच म्हणाला होता की नवऱ्याने तिथल्या तिथं जोडलं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

काकूने दुसऱ्या दिवसापासून स्टॉपवर फुटाण्याची टोपली मांडली. रस्त्याकडे तोंड करून. चार वर्षांपूर्वी टेलरकाका गेले. विलासचा पत्ता कोणाजवळच नव्हता, कळवणार कुठं? सुरतेत आहे असं कोणी म्हणे, कोणी म्हणे इंदुरात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूची टोपली पुन्हा जागेवर.

* * *

नाव असं की त्यात माणसं पटकन फसतात.

वानखडे गुरुजींनी मुलासाठी चांदूर रेल्वेची मुलगी केली. बुद्धविहारात साधं, छान लग्न झालं. सून घरी आली त्याच दिवशी दुपारी मुलीच्या आजीचा फोन. आजीला ऐकू कमी. ती जोरात ओरडली, "आमची पोट्टी कुठी हाये?"

गुरुजी आनंदात होते. त्यांनीही जोरात सांगितलं, "फसलीत हाये आजी! एकदम मजेत!"

आजीने फोनच खाली ठेवला.

संध्याकाळच्या आत एक जीप येऊन गुरुजींच्या दारात थांबली. मुलीचे तीन काका आणि एक मामा. चहाला नाही, पाण्याला नाही. मोठा काका सरळ पोरीसमोर जाऊन उभा राहिला. "भिऊ नको माय. खरं सांग. फसली का?"

सून शिकलेली. तिने एकदा काकाकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे पाहिलं.

"काका, स्टॉपचं विचारता का माह्यं?"

* * *

नवऱ्याच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी ऑटो बंद सांगितला. गाडी दारात उभी, घरात दोन पोरी शिकणाऱ्या. मी म्हटलं, गाडीला काय माहीत आहे चालवणारा पुरुष आहे की बाई? शकीलभाईने पटांगणात शिकवलं. शिकवताना तो रस्त्याकडे कमी आणि आकाशाकडे जास्त पाहायचा. अल्लाचं नाव घेत होता, दुसरं काय!

पहिल्या आठवड्यात कोर्टापासून एक वकीलसाहेब बसले. काळा कोट, मांडीवर फायली. बाई चालवते आहे हे त्यांना गाडी सुटल्यावर कळलं. मग सुरू झालं. "डावीकडे घ्या. ब्रेक मारा. हॉर्न द्या. ती गाय बघा. अहो, गाय!"

गाय तिकडे झाडाखाली बसून रवंथ करत होती. तिला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

पुढं चौकात त्यांनी विचारलं, "बाई, लायसन्स आहे ना तुमच्याकडे?"

"हाये. तुमच्यापाशी हाये का?"

"मला कशाला लागतं?"

"मंग मघापासून तुमी काहून चालवून राह्यले?"

साहेबांनी मांडीवरची फाईल उघडली ती उतरतानाच मिटली. तेव्हापासून त्यांना कोर्टात जायचं असलं की माझाच ऑटो लागतो. म्हणतात, या गाडीत फाईल वाचता येते.

* * *

पुण्याची एक मुलगी आली होती. नदीवर काही लिहायचं होतं तिला, कॉलेजचं काम. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये नकाशा. मला म्हणाली, "काकू, तुम्ही फक्त चालवा, मी सांगते."

मी म्हटलं, "सांग बाप्पा."

नकाशाने आम्हाला नव्या उंच पुलावर नेलं आणि बरोबर मध्यावर मोबाईल बोलला, आपण पोहोचला आहात. खाली नदी. पोरगी कठड्यावरून वाकून बघायला लागली.

"उतरतेस का इथून?" मी विचारलं.

मग तिने ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांना फोन लावला. त्या बाईने तिला पत्ता सांगितला. बंद टॉकीजच्या मागून ये, कापलेल्या निंबापासून डावीकडे वळ, जळलेल्या गिरणीसमोर आमचं घर. पोरीने सगळं लिहून घेतलं. मी रस्त्याने दाखवत गेले. टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय. निंबाच्या जागी पानठेला. गिरणी जळून तिथं आता मोबाईलचं दुकान.

ती म्हणाली, "काकू, म्हणजे इथं सगळे जे नाहीच आहे त्याच्यावरून पत्ता सांगतात?"

"मंग?"

"पण जे आहे त्याच्यावरून का नाही सांगत?"

मी म्हटलं, "पोरी, जे हाये थे दर दिवाळीले बदलते. बोर्ड बदलते, मालक बदलते. कापला गेला थो निंब कुठी जाणार हाये?"

तिने ते लिहून घेतलं. मला वाटलं चुकीचं तर नाही ना बोलून गेले! ती उतरताना मी तिला "येतो मंग" म्हटलं तर ती हसली. आमच्याकडे बाया 'येते' नाही, 'येतो' म्हणतात, हे तिला नवीन होतं. तेही लिहून घेतलं. नदीचं काही लिहिलं की नाही, देव जाणे.

* * *

एक दिवस घरोघरी माहिती लिहायला एक मॅडम आल्या. ऊन भलतं होतं म्हणून मी त्यांना ऑटोतच बसवलं, त्या सावलीतून एकेकाला हाक मारून विचारत होत्या. कांताकाकूचा नंबर आला.

"आजी, घरात माणसं किती?"

"दोन."

मॅडमनी दोन लिहिलं. "दुसरं कोण?"

"पोरगा. विलास."

"कुठे आहे? बोलवा जरा."

"येऊन राह्यला."

मॅडम थांबल्या. पाणी प्यायल्या. घाम पुसला. आणखी दोन घरं लिहून झाली. पुन्हा म्हणाल्या, "आजी, आला का मुलगा?"

"सांगितलं ना, येऊन राह्यला."

"कधीपासून?"

"अकरा वर्स झाले," काकू म्हणाली आणि गिऱ्हाइकाला फुटाणे बांधून दिले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी खोडरबर काढलं, पेन्सिलीने लिहिलेल्या दोनवर धरलं, आणि काय वाटलं कोण जाणे, खोडरबर परत पर्समध्ये ठेवलं.

* * *

नवा पूल झाला आणि आमची पंचाईत झाली. सगळे ऑटो वरून, आम्ही खाली. रपट्याच्या तोंडावर ऑटो उभा केला की पोलीस विचारणार, इथं बोर्ड कुठे आहे? बोर्ड नाही म्हणजे स्टॉप नाही. स्टॉप नाही म्हणजे पावती फाडा. एकेक ऑटोवाला यायचा बंद झाला. पोटुशा बाया, म्हातारी माणसं, सगळे चढाव चढून वर पुलापर्यंत चालत जायला लागले. एका बाईला तर चढावर कळा सुरू झाल्या. तिला मी आणि शकीलभाईने उचलून गाडीत घातलं.

तेव्हा बोर्ड पाहिजे म्हणून गुरुजींनी अर्ज लिहिला. आम्ही कचेरीत गेलो. साहेब भले होते. अर्ज वाचला आणि कपाळाला आठी.

"थांब्याचं नाव फसली? असं कसं लिहायचं? सरकारी बोर्ड आहे. वाचणाऱ्याला काय वाटेल?"

गुरुजी म्हणाले, "वाटेल की बस फसली होती."

"कोणाची बस?"

"सरकारी बोर्डवाल्यांचीच, साहेब."

साहेब हसले. पण म्हणाले, नाव चांगलं द्या, बोर्ड देतो.

मग वस्तीत आठ दिवस नावाची लढाई. पोरांना 'रिव्हर व्ह्यू' पाहिजे. एका काकाला त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं पाहिजे! शेवटी 'मोर्णा दर्शन' ठरलं आणि घरटी एक सही घेतली. सगळ्यांनी दिली. कांताकाकूने दिली नाही.

ती आमच्यासोबत कचेरीत आली. साहेबांसमोर खुर्चीत बसली नाही, उभी राहिली.

"साहेब, माहा पोरगा फसलीहून गेला. स्टेशनवर उतरन तं काय विचारन? फसलीच विचारन ना? नवे ऑटोवाले सांगतीन, असं गावच नाही. मंग थो कुठी जाईन?"

साहेब समजुतीने म्हणाले, "आजी, नावाने एवढा काय फरक पडतो?"

"तुमचं बदलून पाह्यता का? तुमची माय हाक कशी मारन मंग?"

साहेबांनी टेबलावरचा ग्लास उचलला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. पण कागद तयार होता, सह्या होत्या. बोर्ड मंजूर झाला. व्हायलाच पाहिजे होता. चढावावरची ती बाई मी विसरले नव्हते.

परत येताना काकू माझ्याच ऑटोत होती. मागून म्हणाली, "इंदे, तुह्यीबी सही हाये का?"

खोटं बोलता आलं असतं. "हाये काकू."

त्यानंतर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी ऑटो काढत होते तर आली, हुडावर हात ठेवला.

"स्टेशनवर तू आवाज काय देतेस?"

"आता... मोर्णा दर्शन."

"तू फसलीचाच आवाज देजो. बाकीच्यायले देऊ दे काय द्याचं थे. एका तरी तोंडात राहू दे."

मी मान हलवली. त्याच ऑटोने तो गेला होता, मी नाही कशी म्हणणार?

* * *

बोर्ड लागला. निळा, चकचकीत. पहिल्याच आठवड्यात बाळापूरकडचं एक कुटुंब स्टेशनवर उतरलं. नवरा-बायको, सासू. शकीलभाईचा आवाज ऐकला, "मोर्णा दर्शन, मोर्णा दर्शन!" आणि बसले त्याच्या ऑटोत. स्टॉपवर उतरल्या उतरल्या सासूने चपला काढल्या.

"भाऊ, देऊळ कोणत्या अंगाले?"

शकीलभाई गोंधळला. "कौनसा देऊळ, माजी?"

"मोर्णामायचं! दर्शन किती वाजेपर्यंत असते?"

शकीलभाईने हात लांब करून नदी दाखवली. "चोवीस घंटे खुला है माजी. लाईन भी नहीं है!"

आम्ही सगळे हसलो. नदीत तेव्हा पाणी कमी आणि आमच्याच वस्तीच्या पिशव्या जास्त. मला वाटलं म्हातारी रागावेल. ती तशीच अनवाणी उतारावर गेली, काठाला उभी राहिली आणि हात जोडले. चांगली दोन मिनिटं. सुनेनेही जोडले. जाताना म्हातारी आम्हाला म्हणाली, "तुमी रोज इथी असता. नशीबवान आहा बाप्पा!"

थोड्या वेळाने गुरुजी उठले आणि हातातला चहाचा कप, जो ते रोज मागे भिरकावतात, तो घेऊन कचरापेटी शोधायला गेले. कचरापेटी नव्हती. कप हातात घेऊन घरी गेले.

* * *

तर स्टेशनवर माझा आवाज एकटीचा. "चला, फसली, फसली, फसली!" आजूबाजूची नवी पोरं हसतात. "मावशी, कोण फसली?" शकीलभाई म्हणतो, "भाभी, तुमच्या ऑटोत भूतच बसतील." सवारी खरंच कमी मिळते. लोक बोर्डाचं नाव ऐकून दुसऱ्याच्या गाडीत बसतात. मी म्हणते बसू द्या. पहिल्या चार वेळा मी काकूसाठी आवाज दिला, आता तोंडाला तीच सवय पडली आहे.

मागच्या वैशाखात, भर दुपारी, रेल्वेगाडी रिकामी होऊन गर्दी पांगली होती. उन्हामुळे माझ्या तोंडाला दुपट्टा बांधलेला, नुसते डोळे उघडे. मी सवयीने ओरडले.

नळापाशी एक माणूस पाणी पीत होता. तो ओंजळ तशीच धरून थांबला. पाणी बोटांतून गळून गेलं. तिशी ओलांडलेला, कानाजवळ पांढरं, खांद्याला रेग्झिनची बॅग. माझ्याकडे आला.

"काय म्हटलं मावशी?"

"फसली."

"सीट पूर्ण घेतो," तो म्हणाला आणि बसला.

मी आरसा थोडा वळवून घेतला. काही विचारलं नाही. निम्म्या रस्त्यावर त्यानेच विचारलं, "रपटा हाये अजून?"

"हाये."

"त्याच्या तोंडाशी टेलरचं दुकान होतं."

"बंद. टेलर गेले. चार वर्स झाले."

मी पाच-सहा खड्डे तसेच जाऊ दिले, नाहीतर चुकवते. आरशात पाहिलं तर त्याने तोंड बाहेर काढलं होतं, गरम वाऱ्यात.

उतार आला. निळा बोर्ड दिसला. बोर्डाखाली कांताकाकू बसली होती, टोपली पुढ्यात. कोणातरी गिऱ्हाइकासाठी कागदाचा पुडा वळत होती. मान खाली. बंद दुकानाचं शटर तिच्या मागे. तीन ऑटोंच्या अंतरावर मी होते.

"मावशी," तो म्हणाला. "ऑटो वापस घ्या. स्टेशनले."

"काहून?"

"घ्या ना वापस. माह्यानं नाही होणार. मी आलोच नाही असं समजा."

मी चाबी फिरवून इंजिन बंद केलं. चाबी काढली, कमरेला खोचली. आणि सीटवरून उतरून बाजूला उभी राहिले.

"काय झालं?"

"गाडी फसली."

तो खाली वाकून बघायला लागला. सिमेंटचा रस्ता. दोन महिन्यांत थेंब पडला नव्हता. चाकाला धूळसुद्धा नीट चिकटली नव्हती.

"मावशी, इथी? सुक्या रस्त्यावर?"

"फसली म्हटलं ना! उतर."